नाकात गेलेलं पाणी: मेंदूतल्या अमिबाच्या संसर्गापासून बचाव, आणि शंका आली तर पहिल्या काही तासांत काय करायचं

डोकं ठणकतंय, अंगात सणसणून ताप आहे, उलट्या थांबत नाहीत. अशा अवस्थेत मुलाला दवाखान्यात नेलं की डॉक्टर खूप काही विचारतात. काय खाल्लं, ताप कधीपासून, घरात आणखी कोणी आजारी आहे का. एक प्रश्न मात्र बऱ्याचदा राहून जातो आणि घरच्यांनाही आपणहून सांगायचं सुचत नाही: गेल्या दहा-बारा दिवसांत हा कुठे पोहायला गेला होता का? नाकात पाणी गेलं होतं का?

नेग्लेरिया फाऊलेरी या अमिबामुळे होणाऱ्या मेंदूच्या संसर्गात या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही औषधाइतकंच मोलाचं आहे. आजार अत्यंत दुर्मीळ आहे. अमेरिकेत १९६२ ते २०२४ या काळात त्याचे १६७ रुग्ण नोंदले गेले. पण त्यातले फक्त ४ जगले. इतक्या घातक आजारात उपचारांवर भिस्त ठेवण्यापेक्षा तो होऊच न देणं आणि झालाच तर तासाभराचाही उशीर न करणं, एवढंच आपल्या हातात उरतं. ते नेमकं कसं करायचं, ते पुढे क्रमाने सांगतो.

आधी वाट समजून घ्या

‘अमिबा’ म्हटलं की आपल्याला पोट आठवतं. ‘अमिबा झालाय’ म्हणजे आमांश, हे आपल्या बोलण्यात रुळलेलं आहे. तो अमिबा वेगळा. तो माणसाच्या आतड्यात राहतो आणि दूषित अन्नपाण्यातून पसरतो. नेग्लेरियाला जगण्यासाठी माणूस लागत नाही. तो गोड्या पाण्यात, विशेषतः तळाच्या गाळात राहतो आणि तिथले जिवाणू खातो. त्याला ऊब मानवते. सुमारे ४६ अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यात तो वाढू शकतो. परिस्थिती बिघडली की तो स्वतःभोवती कवच करून निपचित पडून राहतो आणि दिवस पालटले की पुन्हा जागा होतो.

१९६५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड इथल्या माल्कम फाऊलर आणि आर. एफ. कार्टर या वैद्यकतज्ज्ञांनी या आजाराचं पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं. अमिबाच्या नावातलं ‘फाऊलेरी’ हे फाऊलर यांच्यावरून आलं आहे.

हे पाणी प्यायल्याने आजार होत नाही. धोका असतो तो पाणी नाकात जोराने वर चढलं तर. नाकाच्या छताशी चाळणीसारखी भोकं असलेलं एक पातळ हाड असतं. वास घेणाऱ्या नसांचे धागे त्या भोकांतून मेंदूकडे जातात. अमिबा त्याच धाग्यांच्या आधाराने वर सरकतो आणि थेट मेंदूच्या पुढच्या भागात पोचतो. तिथे पेशी नष्ट होतात, मेंदूला सूज येते आणि बहुतेक मृत्यू या सुजेमुळे होतात. एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार होत नाही. रुग्णाजवळ बसल्याने, त्याचा हात धरल्याने किंवा त्याच्या खोकल्यातून तो पसरत नाही.

‘मेंदू खाणारा अमिबा’ हे बातम्यांमधलं नाव मला आवडत नाही. त्याने माणूस घाबरतो, पण सावध होत नाही, कारण अमिबा शिरतो कुठून हे त्या नावातून कळतच नाही. ‘नाकावाटे शिरणारा अमिबा’ असं म्हटलं असतं तर निम्मं काम नावानेच केलं असतं.

पाणी जोखायला शिका

नितळ पाणी सुरक्षित आणि गढूळ पाणी धोक्याचं, असा हिशेब इथे चालत नाही. तळ दिसेल इतक्या स्वच्छ पाण्यातही हा अमिबा असू शकतो. बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. पाणी कोमट आहे का? साचलेलं किंवा अगदी संथ आहे का? उन्हाळ्यात पातळी खाली जाऊन ते उथळ झालं आहे का? तळाला गाळ आहे का? त्यात क्लोरीन टाकलं जातं का? सलग कडक ऊन पडल्यानंतरचं तळं, गरम पाण्याचं कुंड, कारखान्याचं किंवा वीज केंद्राचं गरम पाणी मिसळणारा ओढा, ही या अमिबाच्या सोयीची ठिकाणं आहेत. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो टिकत नाही. नीट क्लोरीन राखलेल्या तलावातही टिकत नाही.

एखाद्या तळ्याचं पाणी तपासून ‘इथे अमिबा नाही’ अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. तो सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, आज नसला तरी उद्या असू शकतो. त्यामुळे ‘इथे आम्ही वर्षानुवर्षं पोहतोय, कधी कुणाला काही झालं नाही’ हा युक्तिवाद खरा असूनही उपयोगाचा नाही. कोट्यवधी माणसं अशा पाण्यात उतरतात आणि अगदी मोजक्यांना हा आजार होतो, हे खरंच आहे. त्या मोजक्यांमध्ये मुलगे आणि तरुण जास्त आढळतात. बहुधा उड्या मारणं, बुड्या घेणं आणि तळाशी जाऊन खेळणं हे तेच जास्त करतात म्हणून.

पाण्यात उतरायचंच असेल तर

पोहणं सोडा असं मी सांगणार नाही. क्लोरीन नसलेल्या कोमट गोड्या पाण्यात उतरताना डोकं पाण्याबाहेर ठेवा, ही सगळ्यात भक्कम खबरदारी. गरम पाण्याच्या कुंडात तर डोकं बुडवूच नका.

उडी मारायचीच असेल तर नाकाला क्लिप लावा, नाहीतर निदान बोटांनी नाक घट्ट दाबून धरा. पाय खाली ठेवून मारलेल्या उडीत पाणी नाकात सर्वांत जोराने वर जातं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एकमेकांचं डोकं दाबून पाण्याखाली धरणं, पाण्यात कोलांट्या मारणं, तोंडावर जोराने पाणी उडवणं या खेळांतही तेच होतं. उथळ जागी तळ ढवळू नका. गाळ वर आला की त्यातला अमिबाही वर येतो.

मुलं नळीने खेळत असतील तर उन्हात पडलेल्या नळीतलं तापलेलं पाणी आधी पाच मिनिटं वाहून जाऊ द्या, आणि नळीचं तोंड नाकाकडे धरायचं नाही हे त्यांना स्पष्ट सांगा. फुगवायच्या छोट्या तलावातलं पाणी रोज ओतून टाका, तलाव घासा आणि पूर्ण वाळू द्या. कालचंच पाणी आज पुन्हा वापरणं, तेही उन्हात तापलेलं, ही अमिबाला आयती सोय आहे.

नाकात पाणी गेल्यावर नाक जोरात शिंकरलं म्हणजे धोका टळला असं मानू नका. आधीच घेऊन ठेवावी अशी प्रतिबंधक गोळीही नाही. तारीख लक्षात ठेवा आणि पुढचे बारा दिवस लक्ष ठेवा, एवढंच करायचं आहे.

नाक धुणाऱ्यांनी इथे थांबून वाचावं

पोहणाऱ्यांना निदान थोडी तरी कल्पना असते. जलनेती करणारे किंवा सायनससाठी बाटलीने नाक धुणारे लोक मात्र घरात असतात, नळाचं स्वच्छ पाणी घेतात आणि ते स्वतःच्या हाताने नेमकं त्या चाळणीसारख्या हाडापर्यंत पोचवतात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात दोन जणांचा मृत्यू झाला. दोघांनीही नळाच्या पाण्याने नाक धुतलं होतं. २०२३ च्या फेब्रुवारीत, म्हणजे ऐन थंडीत, फ्लोरिडात अशाच कारणाने एक मृत्यू झाला. टेक्सासमध्ये ७१ वर्षांच्या एका स्त्रीने फिरत्या घरासारख्या गाडीच्या नळाचं पाणी नाक धुण्यासाठी वापरलं. लक्षणं सुरू झाल्यापासून आठव्या दिवशी ती गेली. तेव्हा हा फक्त उन्हाळ्याचा आणि पोहणाऱ्या मुलांचा आजार नाही.

पाकिस्तानातल्या कराचीत २००८ पासून असे रुग्ण सातत्याने सापडत आले. त्यातले बरेच जण कधी पोहायला गेलेच नव्हते. तिथे वजू, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-नाक धुताना नाकात ओढलं जाणारं पाणी आणि पुरवठ्याच्या पाण्यात क्लोरीन कमी असणं, याकडे तज्ज्ञांनी बोट दाखवलं. नाकात पाणी घेणं हा ज्यांच्या नित्यक्रमाचा भाग आहे, त्यांनी तेवढ्यापुरतं उकळलेलं पाणी वेगळं काढून ठेवावं.

पाणी तयार करायची रीत सोपी आहे. पाण्याला खळखळून उकळी फुटली की त्यानंतर पूर्ण एक मिनिट उकळू द्या. समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटं. भांड्यावर झाकण ठेवून थंड करा. उरलेलं पाणी स्वच्छ, बंद भांड्यात ठेवता येतं, पण चोवीस तासांत संपवा. नेतीचं भांडं किंवा बाटलीसुद्धा याच पाण्याने विसळा आणि उपडी घालून कोरडी करा. भांडं नळाखाली विसळलं की उकळण्याचे कष्ट वाया गेले.

उकळणं शक्य नसेल तर निर्जंतुक किंवा डिस्टिल्ड असं स्पष्ट लिहिलेलं पाणी विकत घ्या. पिण्याच्या पाण्याची साधी बाटली प्यायला ठीक असते, पण ती निर्जंतुक असतेच असं नाही. घरातल्या फिल्टरवर विसंबायचं असेल तर त्याच्या छिद्रांचा आकार एक मायक्रॉन किंवा त्याहून लहान असल्याची हमी हवी, नुसतं ‘शुद्ध’ लिहिलेलं पुरत नाही. माझं मत विचाराल तर फिल्टरच्या कागदपत्रांत डोकं घालण्यापेक्षा पाणी उकळावं.

एक गैरसमज मोडायला हवा. नेतीच्या पाण्यात मीठ असतं, त्याने जंतू मरत असतील, असं अनेकांना वाटतं. तेवढ्या सौम्य मिठाच्या पाण्यात हा अमिबा काही तास तग धरू शकतो. मीठ नाकाला झोंबू नये म्हणून घालतात, त्याने पाणी निर्जंतुक होत नाही.

विहीर, टाकी, तलाव

घरच्या पाण्याबाबतची सगळ्यांत कडू उदाहरणं अशा जागांची आहेत जिथे सगळ्यांनी पाणी सुरक्षित धरलं होतं. २०१३ मध्ये लुइझियानातल्या सेंट बर्नार्ड पॅरिशमध्ये चार वर्षांचं मूल अंगणात नळाच्या पाण्यावरच्या घसरगुंडीवर खेळलं आणि दगावलं. त्या भागाच्या नळाच्या पाण्यात अमिबा सापडला. पाणी शुद्ध करून सोडलेलं होतं, पण लांबच्या टोकापर्यंत पोचताना त्यातलं क्लोरीन पुरेसं उरत नव्हतं. २०२१ मध्ये टेक्सासच्या आर्लिंग्टन शहरात कारंज्यांच्या खेळाच्या जागेत एका मुलाला संसर्ग झाला. तिथे क्लोरीनच्या रोजच्या नोंदी नीट ठेवल्याच गेल्या नव्हत्या.

टाकीपासून सुरुवात करा. टाकी रिकामी करून भिंतींवरचा बुळबुळीत थर घासून काढा. त्या थरात जिवाणू असतात आणि त्यांच्यावर अमिबा जगतो. थर तसाच ठेवून नुसतं क्लोरीन ओतलं तर आतले जीव बचावतात.

विहिरीसाठी ब्लीचिंग पावडर, म्हणजेच टीसीएल, मोजून घालायची. आधी पाणी किती आहे ते काढा: विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, मग ३.१४ ने गुणून ४ ने भागा. येतील ते घनमीटर. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. व्यास २ मीटर आणि पाणी ५ मीटर असेल तर १५.७ घनमीटर, म्हणजे १५,७०० लिटर पाणी झालं. चांगल्या प्रतीची, साधारण ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर दर १,००० लिटरला अडीच ग्रॅम लागते. इथे सुमारे ४० ग्रॅम. पावडर उघडी राहिली की तिचा जोर ओसरतो, म्हणून जुनं पाकीट भरवशाचं नसतं.

बादलीत थोड्या पाण्यात पावडर कालवून आधी लापशीसारखी करा, मग पाणी वाढवून ढवळा आणि पाच-दहा मिनिटं निवळू द्या. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घ्या, तळाचा चुना विहिरीत टाकू नका. निवळीची बादली विहिरीत पाण्याखाली सोडून दोरीने जोरात खालीवर हलवा म्हणजे ते सगळीकडे मिसळतं. एक तास थांबा आणि मग क्लोरीन तपासा. ओटी चाचणी (पाण्यात थेंब टाकून रंग बघायची) किंवा रंग बदलणारी पट्टी, काहीही चालेल. दर लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं दिसलं पाहिजे. नसेल तर पाण्यातल्या घाणीनेच क्लोरीन खाऊन टाकलं आहे, आणखी पावडर लागेल. तपासल्याशिवाय ‘टीसीएल टाकलं’ या वाक्याला अर्थ नाही. काम करताना हातमोजे घाला, पावडर श्वासात जाऊ देऊ नका, आणि ती कोणत्याही ॲसिडमध्ये मिसळू नका, विषारी वायू निघतो.

पोहण्याच्या तलावात मोकळं क्लोरीन दर लिटरला किमान १ मिलिग्रॅम आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे त्याचं माप, ७.० ते ७.८ हवा. उन्हाने आणि गर्दीने क्लोरीन घटतं, त्यामुळे सकाळी एकदा तपासून दिवसभराची निश्चिंती होत नाही. पोहायला जाता तिथे आजची नोंद दाखवा असं मागायला संकोचू नका. पैसे भरून पोहता, तो तुमचा हक्कच आहे.

लक्षणं दिसली तर

पाणी नाकात गेल्यापासून १ ते १२ दिवसांत, बहुधा पाचव्या दिवसाच्या आसपास, लक्षणं सुरू होतात. आधी कपाळाच्या बाजूने तीव्र डोकेदुखी, ताप, मळमळ, उलट्या. कधी वास आणि चव बदलल्यासारखी वाटते. मग मान ताठ होते, उजेड सहन होत नाही, बोलणं असंबद्ध होतं, भास होतात, झटके येतात, शुद्ध हरपते. सुरुवातीची लक्षणं साध्या तापासारखी आणि मान ताठ झाल्यानंतरची नेहमीच्या मेंदूज्वरासारखी दिसतात. नुसतं बघून फरक करता येत नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंतचा काळ बहुतेकांत जेमतेम पाच दिवसांचा असतो.

म्हणून ‘आजची रात्र बघू, सकाळी नेऊ’ असं इथे करायचं नाही. नाकात पाणी गेल्याची आठवण असेल आणि ताप-डोकेदुखी-उलट्या एकत्र आल्या, तर जिथे अतिदक्षता विभाग आहे अशा मोठ्या रुग्णालयात थेट जा. जाताना हे वाक्य कागदावर लिहून न्या, कारण धावपळीत ते हमखास विसरतं: ‘अमुक तारखेला अमुक तळ्यात पोहला होता, नाकात पाणी गेलं होतं, अमुक दिवशी डोकं दुखायला लागलं. अमिबाचा संसर्ग असू शकतो का, हे कृपया तपासा.’ नाक धुण्याची सवय असेल तर तीही सांगा, कुणी विचारलं नाही तरी.

डॉक्टर पाठीतून पाणी काढायला सांगतील. इथे अनेक घरं अडतात. पाठीतून पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, ही भीती पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली असते. सुई मणक्यात ज्या जागी घालतात, तिथे मज्जारज्जू आधीच वर संपलेला असतो. मेंदूला फार सूज असेल तर डॉक्टर आधी स्कॅन करून मगच निर्णय घेतात. अमिबा दिसणार आहे तो याच पाण्यात. सही करायला दोन तास घेतले तर ते दोन तास रुग्णाचे जातात.

केरळमध्ये जुलै २०२४ मध्ये चौदा वर्षांचा एक मुलगा या आजारातून वाचला. भारतात या आजारातून वाचलेला पहिला रुग्ण म्हणून त्याची नोंद झाली. त्याच्या वडिलांनी या अमिबाबद्दल समाजमाध्यमांवर वाचलं होतं. लक्षणं दिसताच त्यांनी मुलगा तळ्यात पोहल्याचं डॉक्टरांना सांगितलं.

रुग्णालयात काय घडायला हवं

पाठीतल्या पाण्याचा नेहमीचा अहवाल जिवाणूंच्या मेंदूज्वरासारखाच येतो: पांढऱ्या पेशी वाढलेल्या, प्रथिनं जास्त, साखर कमी. जिवाणू मात्र सापडत नाहीत. जिवाणू ओळखण्यासाठी नमुन्याला देतात त्या नेहमीच्या ग्रॅम रंगात अमिबा सहसा ओळखू येत नाही. म्हणून ताज्या नमुन्याचा थेंब लगेच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून सरकणारा अमिबा शोधावा लागतो. नमुना फ्रिजमध्ये ठेवायचा नसतो, गारठ्याने अमिबाची हालचाल थंडावते आणि मग तो पांढऱ्या पेशींत मिसळून जातो. पक्कं निदान पीसीआरने, म्हणजे अमिबाचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीने होतं, पण त्याचा अहवाल येईपर्यंत उपचार थांबवत नाहीत.

उपचार एका औषधाचा नसतो. ॲम्फोटेरिसिन बी, रिफाम्पिसिन, फ्लुकोनॅझोल, ॲझिथ्रोमायसिन आणि मिल्टेफोसिन अशी औषधं एकत्र देतात, सोबत मेंदूची सूज उतरवण्यासाठी डेक्सामेथासोन. मिल्टेफोसिन हे ‘काला आजार’ या वाळूमाशीतून पसरणाऱ्या रोगावरचं औषध, भारतात त्याला २००२ मध्ये मंजुरी मिळाली. ते सगळीकडे हाताशी असत नाही, म्हणून ‘मिल्टेफोसिन उपलब्ध आहे का, नसेल तर कुठून मागवता येईल?’ हे नातेवाइकांनी पहिल्याच दिवशी विचारावं. २०१३ मध्ये अमेरिकेत वाचलेल्या बारा वर्षांच्या मुलीला लवकर ही औषधं मिळाली होती आणि सूज आटोक्यात ठेवण्यासाठी तिचं शरीर थंडही ठेवलं होतं. त्याच वर्षी आठ वर्षांचा एक मुलगाही वाचला, पण त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. त्याच्यावरचे उपचार लक्षणं सुरू झाल्यावर बऱ्याच दिवसांनी सुरू झाले होते.

केरळमध्ये २०२५ मध्ये सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ६९ रुग्ण आणि १९ मृत्यू नोंदले गेले. मृत्यूंचं प्रमाण इतरत्रपेक्षा कमी दिसतं, पण त्या आकड्यांत अकॅन्थामिबासारख्या इतर अमिबांचे रुग्णही धरलेले आहेत. ते अमिबा जखमेतून किंवा श्वासातूनही शिरू शकतात आणि त्यांचा आजार आठवडे-महिने हळूहळू वाढतो, विशेषतः प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांमध्ये. मेंदूज्वर नेहमीच्या उपचारांना दाद देत नसेल तर अमिबाची तपासणी करायची, हा तिथल्या डॉक्टरांनी लावून घेतलेला शिरस्ता मला फार मोलाचा वाटतो.

निदान पक्कं झालं की आणखी एक काम असतं, आणि रुग्णालयाच्या गडबडीत त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्या दिवशी त्याच पाण्यात जी मुलं उतरली होती, त्यांच्या घरी फोन करा. रुग्णाकडून त्यांना काही होणार नाही, पण पाणी तेच होतं. त्या दिवसापासून बारा दिवस मोजा. या काळात कुणाला ताप किंवा डोकेदुखी सुरू झाली तर वाट न बघता त्याच रुग्णालयात आणायला सांगा. आणि ज्यांच्या ताब्यात ते तळं किंवा तो तलाव आहे, त्यांना आणि आरोग्य विभागाला त्याच दिवशी कळवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिथे मुलं उतरणार नाहीत.